बर्फाने पाडलेला महापौर

आज सकाळी फावड्याने गाडीभोवतीचा बर्फ काढता काढता परत १९७९ ची निवडणूक डोक्यात आली. शिकागोत आल्यापासून दर हिवाळ्यात येतेच, कारण बर्फ पडला की शेजारच्या आजी तोच विषय काढतात.

तेव्हा महापौर होते मायकल बिलँडिक. रिचर्ड डेली २१ वर्षं महापौर राहून १९७६ च्या डिसेंबरात वारले आणि त्यांच्या जागी हे आले, अख्खी डेमोक्रॅटिक पार्टी पाठीशी, वॉर्डावॉर्डात कार्यकर्ते, त्यामुळे हे पडतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. समोर उभ्या राहिल्या जेन बर्न. त्या महापालिकेतच ग्राहकांचं खातं बघायच्या, टॅक्सीच्या भाडेवाढीवरून त्यांनी थेट महापौरांवर आरोप केला आणि बिलँडिकनी त्यांना कामावरून काढलं.

मग १३-१४ जानेवारीला जवळपास २० इंच बर्फ पडला, तोही आधीच्या बर्फावर. गल्ल्या तुंबल्या, कचरा साचला. महापालिका म्हणतेय शाळांची पार्किंग साफ केलीयेत, गाड्या तिथे लावा, आणि लोक जाऊन बघतात तर तिथेही बर्फाचे ढीग! आणि सगळ्यात वाईट म्हणजे वेळ वाचवायला ट्रेन मधली स्टेशनं गाळायला लागल्या, ती नेमकी काळ्या लोकांच्या वस्त्यांमधली.

आजी तेव्हा विशीत होत्या, हॉस्पिटलात ड्युटीला निघालेल्या. गाडी आली, दिवे दिसले, आतल्या एका बाईने काचेवरची वाफ पुसून बाहेर बघितलं, आणि गाडी न थांबता निघून गेली. हे सांगताना आजी अजूनही हाताने काच पुसून दाखवतात. मला दर वेळी गलबलून येतं.

२७ फेब्रुवारीला डेमोक्रॅटिक प्रायमरी झाली, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान. शहरावर याच पार्टीची पकड, त्यामुळे तेव्हा इथे खरी निवडणूक तीच असायची. ज्या काळ्या वॉर्डांच्या मतांवर पार्टी वर्षानुवर्षं निवांत होती तिथलीच मतं फिरली आणि बर्न सतराएक हजार मतांनी जिंकल्या, एप्रिलमधल्या मुख्य निवडणुकीत तर ८२ टक्के मतं घेऊन शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या.

मला याचा खरंच हेवा वाटतो. आपल्याकडे मोठ्या शहरांत महापौर नगरसेवक निवडतात, कारभार आयुक्तांच्या हातात, मग खड्ड्यांचा राग नेमका कुणावर काढायचा?

पुढे १९८३ च्या प्रायमरीत बर्नही हरल्या, हॅरल्ड वॉशिंग्टन जिंकले आणि शहराचे पहिले काळे महापौर झाले. त्या मतदानाला आजी स्वतःच्या आईला हाताला धरून घेऊन गेल्या होत्या.