तुम्ही विचारलंत म्हणून : नाताळात दावोसला कशाला?

"अहो, एवढ्या थंडीत तिकडे काय ठेवलंय?" डिसेंबर लागला की पुण्याहून फोनवर हे ठरलेलं. दावोस म्हटलं की आपल्याकडे जानेवारीतल्या बातम्या, मुख्यमंत्री आणि सामंजस्य करारांचे कोटींचे आकडे. त्याच्या जरा आधी, 26 ते 31 डिसेंबर, त्याच गावात आइस हॉकीचा स्पेंग्लर कप असतो. आम्ही झुरिकवाले त्याला जातो.

दावोस हे एके काळी क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियमचं गाव. तिथल्याच डॉ. कार्ल स्पेंग्लर यांनी 1923 साली हा कप ठेवला. महायुद्ध संपून पाचच वर्षं झालेली. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांची पोरं निदान बर्फावर तरी एकत्र यावीत, एवढाच हेतू. पहिला कप ऑक्सफर्ड विद्यापीठाने नेला. आता सहा संघ असतात : यजमान एचसी दावोस आणि बाकीचे निमंत्रित. स्वित्झर्लंडची लीग तेवढे दिवस थांबते.

मला खरा ओढा कॅनडाच्या संघाचा. 1984 पासून तो दरवर्षीचा पाहुणा. पण एनएचएल या अमेरिका-कॅनडाच्या व्यावसायिक लीगमधली बडी मंडळी यात नसतात, त्यांचा हंगाम तिकडे ऐन भरात असतो. मग युरोपातल्या क्लबांत पोटापाण्यासाठी खेळणारे कॅनेडियन गोळा करतात. एकमेकांची नीट ओळख होते न होते तोच पहिली मॅच! त्यामुळे बचाव ढिसाळ, पास चुकतात, आणि गोल भरपूर. जाणकार नाकं मुरडतात, मला तर हेच आवडतं. या खेळाडूंची बायकापोरं नाताळाला दावोसलाच आलेली असतात, त्यांच्यादेखत हरायचं नसतं. 2023 साली दावोसने सोळाव्यांदा कप जिंकला, तेव्हा कुठे कॅनडाच्या सोळा कपांशी बरोबरी झाली.

"पण ती चकती दिसते तरी का?" हा पुढचा प्रश्न. टीव्हीवर नाही दिसत. पक म्हणजे काळ्या रबराची, तीनेक इंच रुंदीची चकती. तिच्यामागे डोळे पळवूच नका, खेळाडू कुठे वळतायत ते बघा. स्टेडियममध्ये कानही कामी येतात. लाकडी छताखाली पक कडेच्या फळीवर आदळली की बंदुकीसारखा आवाज होतो. समोरच्या काचेवर दोघं धडकले की आपण हातातल्या सॉसेजसकट मागे सरकतो, काच मध्ये आहे हे माहीत असूनही.

यजमान जिंकलेच पाहिजेत असंही नाही. 2022 साली आंब्री-पिओट्टा या डोंगरातल्या खेड्याच्या क्लबने अंतिम सामन्यात स्पार्टा प्रागला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं, तेव्हा दावोसवालेही उभे राहून ओरडत होते.

यायचं असेल तर अंतिम सामन्याला या. तो 31 तारखेला दुपारी असतो. लांडक्वार्टला गाडी बदलून संध्याकाळी झुरिकला घरी, नवीन वर्षाच्या पार्टीला वेळेवर. तिकिटं तेवढी आधी काढा, आणि लोकरीचे मोजे दोन घाला. आत बसून पायच गारठतात.