पणजीचा पिनकोड मूळ संख्या आहे

४०३००१ ला १ आणि तो स्वतः सोडून कशानेच निःशेष भाग जात नाही. गोव्यातल्या बाकीच्या मोठ्या शहरांच्या पिनकोडांना हे जमलेलं नाही.

सुरुवातीचे ४०३ म्हणजे १३ × ३१, एकमेकांचे उलटे आकडे. त्यामुळे ४०३००० ला दोन्हींनी भाग जातो आणि गोव्याच्या कुठल्याही पिनकोडाला १३ किंवा ३१ ने भाग जातो का, हे शेवटचे तीन अंक पाहूनच कळतं. म्हापशाचा ४०३५०७ घ्या. ५०७ = १३ × ३९, म्हणजे १३ लागला. ७, ११ आणि १३ एकदमच तपासायचे तर शेवटच्या तिनांतून पहिले तीन वजा करा (१००१ = ७ × ११ × १३, म्हणून हे चालतं). मडगावचा ४०३६०१: ६०१ − ४०३ = १९८, म्हणजे ११ × १८. झालं, ४०३६०१ = ११ × ३६६९१. फोंड्याच्या ४०३४०१ ला ३ लागतो, वास्कोचा ४०३८०२ तर समच.

पणजीला यातलं काहीच लागत नाही. मग सरळ मार्ग म्हणजे वर्गमूळापर्यंतच्या, इथे ६३४ पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहणं. त्या ११५ आहेत. कंटाळून ६०० ला थांबलात तर फसाल: ४०३९६७ ही संख्या तोवर मूळच वाटते, पण ती ६१३ × ६५९ आहे.

त्यापेक्षा गणितज्ञ ऑयलरची वाट मला जास्त आवडते. ४ ने भागून बाकी १ उरणारी संख्या सामाईक विभाजक नसलेल्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच तऱ्हेने लिहिता आली, आणि दुसरी कुठलीच जोडी सापडली नाही, तर ती मूळ. ४०३००१ ला ५ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून जोडीतली एक संख्या ५ च्या पटीत हवी. मग दुसरीला २५ ने भागल्यावर बाकी १ किंवा २४ च उरायला हवी. ती ३ च्या पटीत चालत नाही, आणि सम असेल तर ४ च्या पटीत हवी. एवढ्या चाळणीतून ६३४ च्या आत फक्त २५ संख्या उरतात: १, ४९, ७६, १०१ अशा ६०१ पर्यंत. प्रत्येकीचा वर्ग ४०३००१ मधून वजा करा, २५ ने भागा, उत्तर पूर्ण वर्ग आहे का पाहा.

२९९ ला काम होतं: ४०३००१ − ८९४०१ = ३१३६००, भागिले २५ म्हणजे १२५४४, आणि तो ११२ चा वर्ग. म्हणजे ४०३००१ = ५६०² + २९९². बहुतेक जण इथेच थांबतात आणि तीच चूक. ६५ ला ८² + १² सापडलं म्हणून तो मूळ होत नाही, कारण ७² + ४² ही आहे. तेव्हा यादी शेवटपर्यंत न्यायची. ४७६ ला जीव वरखाली होतो, ७०५७ येतात आणि ८४ चा वर्ग ७०५६. एकाने हुकतं. ६०१ ला १६७२, तोही वर्ग नाही. दुसरी जोडी नाही.