खाऊनही खंगत गेलेली तारा

तारा आमच्याकडे आली तेव्हा अडीच महिन्यांची होती. एक कान उभा, एक पडलेला. जर्मन शेफर्ड. अण्णा अजूनही तिला अल्सेशियनच म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन हा शब्दच नको झाला आणि त्यांनी हे नाव चालवलं. आपल्याकडे अण्णांच्या पिढीच्या तोंडी तेच बसलं.

आमचं घर भोर तालुक्यात, शेतातच आहे. भाताची खाचरं, चार म्हशी, मागे डोंगर. एवढ्या मोकळ्या जागेत हे कुत्रं सुखात राहील असं वाटलं आणि ते खरंही होतं. जात मुळात मेंढपाळाची. जर्मनीत कुंपण नसलेल्या शेतांच्या मधल्या गवताळ पट्ट्यांवर मेंढ्या चारायच्या आणि कुत्र्यानं पिकाच्या कडेनं दिवसभर दुडक्या चालीनं येरझाऱ्या घालायच्या, एकही मेंढी पिकात शिरू द्यायची नाही. कुत्रं म्हणजेच चालतंबोलतं कुंपण. माक्स फॉन श्टेफानित्स या घोडदळातल्या अधिकाऱ्यानं १८९९ साली होरांड नावाच्या कुत्र्यापासून या जातीची नोंद सुरू केली. हे सगळं मी वाचलं होतं, पण ते रक्तात किती खोल असतं ते कार्तिकात कळलं.

भात निघाल्यावर कोकणाकडे निघालेल्या धनगरांची बकरी, म्हणजे मेंढ्याच, आम्ही दोन रात्री खाचरात बसवतो. तारा तेव्हा पंधरा महिन्यांची. कुणीही शिकवलेलं नसताना ती बांधावर चढली आणि कळपाच्या कडेनं फिरायला लागली. टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. भुंकणं नाही, अंगावर धावणं नाही. एक मेंढी शेजारच्या हरभऱ्याकडे वळली की ही नुसती आडवी उभी राहायची. त्यांच्यातले म्हातारबा बराच वेळ बघत होते. म्हणाले, "आमची कुत्री लांडग्यासाठी. बकरी वळायला आम्हीच. हिला कुणी शिकवलं?" मी अभिमानानं फुगून गेलो होतो. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली त्यांच्यातली आजी म्हणाली, "दादा, हिला खायला घालता का न्हाई? फऱ्या दिसत्यात."

मला ते लागलं. तारा दोन वेळा पोटभर खात होती: तांदळाची भाकरी, अंडी, चिकनचं पाणी, वर ड्राय फूड. पण रात्री तिच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा मणके एकेक करून बोटाला लागले. वरच्या दाट केसांमुळे इतके दिवस डोळ्यांना काही दिसलंच नव्हतं. या जातीला केसांचे दोन थर असतात, बाहेरचा राठ आणि आतला मऊ. त्यामुळे कुत्रं खंगलं तरी लांबून भरलेलं दिसतं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, शेफर्डची तब्येत डोळ्यांनी नाही, हातानं बघायची.

तिला उचलून वजनकाट्यावर उभा राहिलो आणि माझं वजन वजा केलं. २१ किलो. या जातीची मादी २२ ते ३२ किलोंची असते, तेव्हा फार काही बिघडलं नाही अशी मी स्वतःची समजूत घातली. जवळच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, पंधरा दिवसांनी पुन्हा दिलं. मग जुलाबाच्या गोळ्या. मग खाणं बदला. यात दोन महिने गेले. भूक मात्र वाढतच होती. म्हशींच्या घमेल्यातली पेंड ती चोरून खायची, माती चाटायची, आणि शेवटी स्वतःची शीसुद्धा खायला लागली. घरी आलेले लोक हावरट म्हणायचे. जानेवारीत काटा १७.८ वर आला. शी दिवसातून पाचसहा वेळा, शेणाच्या पोसारखी मोठी, पिवळट, तेलकट, आंबूस वासाची. अण्णाच म्हणाले, "अरे, हिनं खाल्लेलं तसंच बाहेर पडतंय."

पुण्यातल्या डॉक्टर बाईंनी अण्णांचं हे वाक्य ऐकलं आणि शीचा फोटो बघितला. त्यांनी टीएलआय नावाची रक्ततपासणी सांगितली, स्वादुपिंड पाचकरस पुरेसे करतंय का ते बघणारी. त्यासाठी बारा तास उपाशी ठेवायचं. ती रात्र मला विसरता येत नाही. रोज उपाशीच असलेल्या जनावराला मी मुद्दाम उपाशी बांधलं होतं आणि ती रिकामं भांडं नाकानं ढकलत माझ्या खाटेपाशी आणत होती. नमुना बाहेर पाठवावा लागला, रिपोर्टला आठवडा लागला. आकडा आला १.३. अडीचच्या खाली म्हणजे निदान पक्कं.

बाईंनी नीट समजावून सांगितलं. आजाराचं नाव एक्झोक्राइन पँक्रियाटिक इन्सफिशियन्सी, थोडक्यात ईपीआय. स्वादुपिंडातल्या पाचकरस तयार करणाऱ्या पेशी झडून जातात. साखर सांभाळणारा भाग बहुतेक वेळा शाबूत असतो. सुमारे ९० टक्के क्षमता गेल्यावरच लक्षणं दिसतात, म्हणून कुत्रं वरवर अचानक खंगल्यासारखं वाटतं. जर्मन शेफर्ड आणि रफ कोली या दोन मेंढपाळ जातींत हा आजार जास्त, आणि तो वंशातून येतो. झडलेल्या पेशी परत येत नाहीत. पण जे रस तिच्या पोटात तयार होत नाहीत ते आपण घासाबरोबर देऊ शकतो, आयुष्यभर.

उपाय म्हणजे पँक्रियाटिनची, म्हणजे त्याच पाचकरसांची पावडर, प्रत्येक खाण्यात कालवून. सोबत बी-१२ची इंजेक्शनं, सहा आठवडे दर आठवड्याला एक. पाचव्या दिवशी अंगणात घट्ट, तपकिरी शी दिसली आणि मी बायकोला हाक मारून ती दाखवायला नेलं.

तरी दोन चुका झाल्याच. पहिली माझी. थंडीचे दिवस म्हणून मी तव्यावरची गरम भाकरी कुस्करून त्यात पावडर टाकत होतो. उष्णतेनं ते रस मरतात, पावडर वाया जाते. तीन दिवस पुन्हा जुलाब. आता भाकरी पूर्ण गार झाल्यावर पाणी घालून लापशीसारखी करतो, मगच पावडर. दुसऱ्या वेळी भांड्याच्या कडेला रक्त दिसलं आणि तारानं घासच नाकारला. अण्णांना वाटलं, कुणी काही घातलं. ओठ उलटून बघितला तर हिरड्यांवर लालबुंद चट्टे. कोरडी पावडर तोंडात चिकटून राहिली की ती तोंडाची आतली त्वचाच पचवायला लागते. बाईंनी मात्रा थोडी कमी केली, खाणं जास्त ओलं करायला आणि खाऊन झाल्यावर पाणी पाजायला सांगितलं. आठवड्यात तोंड बरं झालं.

पावडरशिवाय एक बिस्किटसुद्धा चालत नाही. हे पाहुण्यांना पटवणं औषधापेक्षा अवघड गेलं. शेवटी गळ्यातल्या पट्ट्याला "खायला देऊ नका" अशी पाटी लावली.

बाकीची निगा इतर शेफर्डसारखीच. आठवड्यातून दोनदा फणी, केस गळायच्या दिवसांत रोज. उन्हाळ्यात केस भादरायचे नाहीत. तोच थर उन्हापासूनही राखतो. गोचिडांसाठी महिन्याला औषध, कारण म्हशींचा गोठा जवळ. कंबरेच्या सांध्यांचा एक्स-रे काढला, तो ठीक आला. पिल्लं होऊ द्यायची नाहीत हे ठरलंच होतं, वजन सावरल्यावर ऑपरेशन करून घेतलं. आणि रोज तिला काम लागतं, नुसतं फिरणं पुरत नाही. संध्याकाळी म्हशी ओढ्यावरून आणायचं तिच्याकडेच दिलंय.

जूनमध्ये काटा २६.४ वर होता. कोकणातून परतणारी बकरी पावसाआधी आमच्या वाटेनं गेली तेव्हा तारा बांधावर धावली. आजीनं तिची पाठ चाचपली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

ज्यांच्याकडून तिला आणलं त्यांना मी रिपोर्ट पाठवला होता. पुढं ती जोडी लावणार नाही असं त्यांनी सांगितलं आणि तिच्या भावंडांचे नंबर दिले. बारामतीतल्या एका भावाचंही असंच चाललं होतं, तीन वेळा जंताचं औषध झालं होतं. त्याचा आकडा परवा आला, १.९. काल रात्री त्या घरच्या ताईंचा फोन होता. पावडर आलीय, पहिला घास कसा द्यायचा म्हणून. मी विचारलं, "भाकरी आत्ता केलीय का? मग आधी गार होऊ द्या."