पाच पायऱ्या, वर दोन बोटं

सादरीकरणाची वेळ तीन वाजून चाळीस मिनिटांची दिली होती. मी दोन वाजल्यापासून कॉलेजच्या प्रयोगशाळेत दार लावून लॅपटॉपसमोर बसलो होतो. जूनचा दुसरा आठवडा, बाहेर धो धो पाऊस. वीज गेली तर जनरेटर चालू करायला शिपायाला बजावून ठेवलं होतं आणि जनरेटरही दगा देईल म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवला होता. पडद्यावर एकच ओळ दिसत होती: थोडं थांबा, तुम्हाला आत घेतलं जाईल. आत घेतलं तेव्हा सव्वापाच झाले होते आणि संशोधनाला पैसे देणाऱ्या समितीतले पाचही जण सकाळपासून अठरा प्रस्ताव ऐकून कंटाळलेले होते. माझा एकोणिसावा.

दहा मिनिटांचं बोलणं ठीक झालं. माझ्या डोक्यातून जात नाही तो त्यानंतरचा एक प्रश्न आणि त्याला मी दिलेलं उत्तर.

प्रस्ताव गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या झरींचा होता. सावईवेरे-केरीच्या बाजूला सडा, म्हणजे डोंगरावरचं सपाट कातळी पठार, संपतो आणि उतार सुरू होतो, तिथे डोंगराच्या पायथ्याशी कुळागरं आहेत: पोफळी, नारळ, केळी, पोफळीवर चढवलेली मिरी, मधूनच जायफळ. ही सगळी झाडं उन्हाळा काढतात ती झरीच्या पाण्यावर. वर जांभा दगड, स्पंजासारखा भोकाभोकांचा, पाऊस पिऊन टाकणारा. त्याच्या खाली पांढरट-गुलाबी चिकणमातीचा थर, आमच्या भूशास्त्राच्या भाषेत लिथोमार्ज, पाणी अडवणारा. हे दोन थर जिथे उघडे पडतात तिथून पाणी बाहेर येतं. एवढं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येतं. सांगता येत नाही ते हे, की एखाद्या झरीला पाणी सड्याच्या नेमक्या किती भागातून मिळतं. वर प्लॉट पाडले, जमीन रोलरने दाबली, तर खालच्या कोणत्या कुळागराची झर आटेल? आज हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तीन वर्षं आणि साडेबावीस लाख रुपये मी मागितले होते ते यासाठी.

गोव्यातून पाण्याच्या संशोधनासाठी पैसे मागणं हा एक वेगळाच ताप आहे. दिल्लीत बसलेल्या माणसाला वाटतं, वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस, एवढंसं ३,७०२ चौरस किलोमीटरचं राज्य, यांना कसली पाण्याची पडली आहे? पडलेला पाऊस बराचसा काही तासांत समुद्राला मिळतो, हे त्यांना दरवेळी नव्याने सांगावं लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ ओपा जलप्रकल्पाची जलवाहिनी फुटली आणि भर पावसात पणजी-तिसवाडीचे लोक टँकरच्या मागे धावले, हे मी प्रस्तावात घातलं होतं. एका परीक्षकाने शेरा मारला, ‘हा वितरणाचा प्रश्न आहे, स्रोताचा नाही.’ बरोबर आहे. पण नळ बंद झाला की लोक जुन्या विहिरीचा आणि झरीचा रस्ता शोधतात, आणि तो रस्ता आता कुणाच्या तरी कंपाउंडात गेलेला असतो, हे त्यांना कोण सांगणार?

दुसरा शेरा म्हादईवरून होता. आमची झर मांडवीच्या, म्हणजे म्हादईच्याच, खोऱ्यात येते, म्हणून आंतरराज्य वादाशी याचा संबंध आहे का, असा प्रश्न. लवादाने ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं. माझ्या झरीचं वर्षाचं सगळं पाणी त्या आकड्यात दशांश चिन्हानंतर कुठे बसेल ते शोधायलाही भिंग लागेल. तरी मी अर्धं पान खर्चून ‘संबंध नाही’ असं विनम्रपणे लिहिलं.

सगळ्यात राग आला तो तिसऱ्या शेऱ्याचा: हिमालयात करतात तसं समस्थानिकांवरून, म्हणजे पाण्यातल्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, झरीच्या पुनर्भरणाची उंची, म्हणजे पाऊस किती उंचीवर मुरतो ते, का काढत नाही? वाचायला किती छान! उंची वाढते तसा पावसातला जड ऑक्सिजन कमी होतो, हे खरं. पण किती कमी होतो? दर शंभर मीटरला हजारात साधारण ०.१५ ते ०.५ भाग. आणि प्रयोगशाळेची चूकच हजारात ०.१ च्या आसपास असते. सिक्कीममध्ये झर आणि तिचा डोंगरमाथा यांत शेकडो मीटरचं अंतर असतं, तिथे हे चालतं. माझा सडा झरीच्या वर जेमतेम ऐंशी मीटर. पैसे घालवून मी यंत्राची चूक मोजत बसलो असतो. डोंगर म्हटला की हिमालय, झर म्हटली की सिक्कीमची झरी जगवणारी ‘धारा विकास’ योजना, असं एक ठरून गेलं आहे. सिक्कीमचं काम उत्तमच आहे, पण म्हणून जांभ्याने काय हिमालयासारखं वागायचं?

फॉर्ममधले बाकीचे रकाने मी आता निमूटपणे भरतो. ‘तंत्रज्ञानाची सिद्धता पातळी, १ ते ९’ या रकान्यात मी ३ लिहिलं. का, ते विचारू नका. मागच्या प्रकल्पाच्या खात्यावर २१४ रुपये व्याज जमलं होतं. ते सरकारचं, भारतकोश या सरकारी संकेतस्थळावर भरून चलन जोडल्याशिवाय उपयोगिता प्रमाणपत्र पुरं होत नाही, आणि ते प्रमाणपत्र नसेल तर नवा प्रस्ताव उघडूनही बघत नाहीत. त्या २१४ रुपयांत माझ्या तीन सकाळी गेल्या. प्राचार्यांची सही आणि शिक्का असलेलं पत्र दोन एमबीच्या आत बसवायला आणखी एक.

आता खरी गोष्ट.

या प्रस्तावात माझ्याकडे एक असं काही होतं जे माझ्या माहितीत इथे दुसऱ्या कुणाकडे नव्हतं: एकाच झरीच्या अकरा वर्षांच्या रोजच्या नोंदी. त्या मी केलेल्या नाहीत. त्या एका कुळागरातल्या काकींच्या स्वयंपाकघरात, एकाच खिळ्यावर एकावर एक टांगलेल्या अकरा कालनिर्णयांवर आहेत. दुधाचा हिशेब, गॅस कधी आला, कुणाचं श्राद्ध, आणि प्रत्येक चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात पेनाने एक आकडा. ‘५, वर २ बोटं’. ‘४’. ‘४, वर ७’. पावसाच्या महिन्यांत नुसतं ‘भरून’.

झरीचं पाणी जांभ्यात खोदलेल्या एका तळीत पडतं. संध्याकाळी सहाला तळीचं तोंड बंद करतात, सकाळी सहाला उघडतात. रात्रभरात जितक्या पायऱ्या बुडाल्या तो आकडा. तळी सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, पायरी वीस सेंटीमीटरची. पायऱ्यांनी अडवलेली जागा वजा केली तर एक पायरी म्हणजे सुमारे साडेचार हजार लिटर. पाच पायऱ्या म्हणजे बारा तासांत साडेबावीस हजार लिटर, सेकंदाला अर्ध्या लिटरहून किंचित जास्त. एक बोट चुकलं तरी फरक दोन टक्क्यांच्या आत.

आणि माझं शास्त्रशुद्ध उपकरण? मी आधीच्या वर्षी स्वतःच्या पैशाने अॅल्युमिनियमचा पत्रा कापून नव्वद अंशांची व्ही-नॉच, म्हणजे प्रवाह मोजायची व्ही आकाराची खाच, बसवली होती. एवढ्याशा प्रवाहाला तिच्यात पाणी उभं राहतं सव्वाचार सेंटीमीटर, आणि प्रवाह त्या उंचीच्या अडीचाव्या घाताने बदलतो. म्हणजे वाचताना अर्धा सेंटीमीटर चुकलात तर उत्तर तीस टक्क्यांनी चुकलं. वर कुर्ल्यांनी पत्र्याखालून बिळं केली आणि निम्मं पाणी नॉचच्या खालूनच जायला लागलं. शेवटी झरीच्या तोंडाशी दहा लिटरची बादली धरून, मोबाइलवर सेकंद मोजून, मी एकोणीस वेळा काकींचा आकडा पडताळला. पाच पायऱ्यांना बादली एकोणीस सेकंदांत भरायला हवी, तीन पायऱ्यांना बत्तीस. तशीच भरत होती.

पण काकी हे का लिहितात? संशोधनासाठी नाही. मी पहिल्यांदा त्यांना ‘तुमचं हे काम फार मोलाचं आहे’ वगैरे म्हणालो तेव्हा त्यांनी चुलीवरचं भांडं उतरवत मला तोडलं, ‘‘हांव तुमचेखातीर बरयना सर, पाळयेखातीर बरयतां.’’

पाळयेखातीर म्हणजे पाळीसाठी. झर दोन घरांची आहे. एक दिवस काकींच्या कुळागराला, एक दिवस त्यांच्या दिराच्या. अकरा वर्षांपूर्वी पाण्यावरून एवढं विकोपाला गेलं की वाड्यावरच्या चार माणसांनी बसून ठरवलं: रोज सकाळी पायरी बघायची आणि लिहायची. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद आहे, पण दीर रोज सकाळी तळीवर उभा असतो. मग अंगणातून येऊन, खिडकीच्या गजांतून कॅलेंडरवरचा आकडा वाचतो आणि एक शब्द न बोलता जातो. अकरा वर्षं. इतकं कडक परीक्षण मी कुठल्याच नियतकालिकाचं पाहिलेलं नाही. आमचे परीक्षक निदान मित्राचा लेख असला तर डोळेझाक करतात.

आणि हे मी प्रस्तावात लिहिलं नव्हतं. ‘स्थानिक शेतकरी कुटुंबाने ठेवलेल्या दैनंदिन नोंदी’ असं गुळगुळीत वाक्य टाकलं होतं. वाद आहे म्हटलं की नोंद ठेवणारी बाई हितसंबंधी ठरते, मग सगळे आकडे संशयित. निदान मला तसं वाटलं.

अंदाजपत्रकात मी निरीक्षकाचं मानधन म्हणून महिन्याला तीन हजार धरले होते, छत्तीस महिन्यांचे एक लाख आठ हजार. शिवाय पाण्याचा दाब मोजून पातळी नोंदवणारे दोन लॉगर.

सव्वापाचनंतर, दक्षिणेतल्या कुठल्याशा संस्थेतले एक वयस्कर सदस्य, चेहऱ्यावरून सज्जन वाटणारे, म्हणाले, ‘‘नोंदी छान आहेत. पण या तपासतं कोण?’’

उत्तर माझ्या जिभेवर होतं. त्या बाईंशी अकरा वर्षं न बोलणारा माणूस तपासतो, रोज, आणि एक बोट इकडेतिकडे झालं तर वाडा डोक्यावर घेईल. मी म्हणालो, ‘‘आता लॉगर बसवणार आहोत सर, त्याने पडताळणी होईल.’’

ते म्हणाले, ‘‘मग लॉगर असताना निरीक्षक कशाला?’’

यावर काय बोलणार? मीच दार उघडून दिलं होतं. दुसऱ्या सदस्याने विचारलं, हे मानधन कोणत्या हेडखाली जाणार, बाईंची शैक्षणिक पात्रता काय. मी ‘स्थानिक ज्ञान’ असं काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यात वीज गेली, जनरेटर लागेपर्यंत अर्धं मिनिट गेलं, आणि परत जोडला गेलो तेव्हा ते ‘धन्यवाद’ म्हणत होते.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. प्रस्ताव मंजूर, हे मी आधी सांगायला हवं होतं बहुधा. कॉलेजात पेढे वाटले. रक्कम सतरा लाख, लॉगर दोन्ही मंजूर, निरीक्षकाचं मानधन शून्य. सुधारित अंदाजपत्रक दहा दिवसांत पाठवा.

एका सहकाऱ्याने लगेच उपाय सांगितला: प्रवासाच्या हेडखाली भाड्याची गाडी दाखव, बिलं मी देतो, काकींना रोख दे. हे तो इतक्या सहज म्हणाला की मला त्याच्या आधीच्या सगळ्या प्रकल्पांतल्या गाड्या आठवल्या. मी नाही म्हटलं. त्यात मोठेपणा काही नाही, मला हिशेब तपासनिसांची भीती वाटते.

गेल्या रविवारी कुळागरात गेलो. पावसाची उघडीप होती, तळी काठोकाठ भरून वाहत होती. काकींना सगळं सांगितलं, पैशांचं जमलं नाही हेही. त्यांनी हात झटकला. पैसे त्यांनी मागितलेच नव्हते, ती माझीच टूम. मग मी लॉगर दाखवला, बोटभर लांबीची स्टीलची नळी. हा तळीत बुडवून ठेवायचा, दर पंधरा मिनिटांनी आपोआप पातळी नोंदवतो, आता पहाटे पावसातून टॉर्च घेऊन उतरायला नको, असं मी उत्साहाने सांगत होतो.

दीर अंगणात उभा होता. कधी आला कळलं नाही. काकींकडे न बघता त्याने माझ्याकडून नळी घेतली, उलटसुलट केली.

‘‘आंकडो खंय दिसता?’’

आकडा वर दिसत नाही, मी म्हटलं, आत साठतो. महिन्याने लॅपटॉप जोडला की कळतो.

‘‘म्हळ्यार सकाळीं म्हाका कशें कळटलें?’’

मग सकाळी त्याला कसं कळणार, यावर मी काही बोललो नाही. तो काकींनाही विचारत होता आणि मलाही, पण बघत नळीकडेच होता. मग त्याने ती माझ्या हातात परत दिली, खिडकीतून आत खिळ्याकडे बोट केलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच, माझ्या देखत तरी, त्या घराला उद्देशून बोलला.

‘‘हें मात काडूं नाका.’’

काकी आतून म्हणाल्या, ‘‘कोण काडटा?’’