हायफनवाल्या शब्दांचे ठोके

स्मरणिकेसाठी लिहा म्हणून बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला, आता गॅदरिंग, सहल, छडी यावर बाकीचे लिहिणारच, म्हणून मी इंग्रजीच्या तासावर लिहितोय, आणि त्यातही हायफनवाल्या विशेषणांवर. हसू नका बे.

निम्मा वर्ग सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू, बाकीच्यांत कुणी कानडी कुणी मराठी. त्यामुळं 'हँड-वोव्हन'चं 'हँडु-वोवनु' व्हायला वेळ लागायचा नाही. सर हसायचे नाहीत. डस्टर बेंचवर आपटायचे, हँड, वो, व्हन, तीन ठोके. माग चालवणाऱ्यांच्या पोरांना ठोका काय शिकवायचा, लगेच जमलं. हायफन आला की तिथं सिलॅबल, म्हणजे एका ठोक्यात म्हणायचा शब्दाचा तुकडा, संपला, पुढं नवा शब्द, हा पहिला नियम. मग 'ब्लू-आइड' दोन, 'ॲब्सेंट-माइंडेड' चार, कारण ट-ड च्या मागं 'एड' आला तरच त्याला वेगळा ठोका, एरवी नाही, म्हणून 'ओल्ड-फॅशन्ड' तीनच. 'वन-लेगेड'मध्ये मात्र ग असूनही 'लेगिड' म्हणतात, ते का हे सर म्हणायचे इंग्रजांनाच विचारा. 'पार्ट-टाइम'मध्ये दोन ट दिसतात, पण पहिला जिभेवर नुसता धरायचा, सोडायचा एकदाच. मागच्या बाकावरनं थुंकी उडायची ती याच शब्दाला.

खरी मजा जोराची. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे सगळ्यांना माहीत, सर त्यांच्यावरच वाक्य द्यायचे. 'दे आर वेल-नोन' म्हटलं तर जोर 'नोन'वर, पण 'वेल-नोन मार्टर्स' म्हटलं की तोच जोर सरकून 'वेल'वर जातो, कारण 'नोन' आणि 'मार'वरचे दोन जोर एकमेकाला चिकटून आले की इंग्रजी कानाला ते खटकतं. मराठीत आपण असा जोर इकडून तिकडं हलवत बसत नाही, म्हणून हे कुणी सांगितल्याशिवाय कळत पण नाही, आणि आजही टीव्हीवरचे भले भले 'वेल-नोन' सगळीकडं एकाच सुरात ठोकून देतात.

एका गोष्टीवर मात्र माझं सरांशी अजून पटत नाही. ओळ संपली तर असा शब्द हायफनपाशीच तोडायचा, 'ओल्ड-फॅ' लिहून 'शन्ड' खालच्या ओळीत टाकलं की अर्धा मार्क कट. आता वहीला समासच एवढा मोठा पाडायला लावायचे, मग पोरगं करणार तरी काय ओ?