रूळ नसलेलं स्टेशन आणि हंबरच्या आगबोटी

इंग्लंडमधल्या हल शहराच्या धक्क्यावर रेल्वेचं स्टेशन होतं. तिकीट खिडकी होती, रूळ मात्र नव्हते. तिकीट काढायचं, आगबोटीने हंबर नदीचं रुंद मुख ओलांडायचं आणि पलीकडे न्यू हॉलंडला गाडी पकडायची. १८४८ मध्ये लोहमार्ग तिथवर पोचला. काठ उथळ, म्हणून लाकडी धक्का नदीत पार आतपर्यंत नेला आणि गाडी थेट त्याच्या टोकाला आणली.

१९३४ मध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने विंगफील्ड कॅसल आणि टॅटरशॉल कॅसल या जुळ्या बोटी हार्टलपूलला बांधून घेतल्या. लांबी सुमारे २०९ फूट. ग्लासगोत बांधलेली तिसरी बोट, लिंकन कॅसल, १९४० ची. तोवर पाण्याखालच्या पंख्याने (प्रोपेलरने) चालणाऱ्या बोटी सर्रास होत्या, तरी इथे बोटीच्या दोन्ही कडांची, पाणी ढकलणारी फळ्यांची चाकंच ठेवली. पंखा पाण्यात पुरता बुडायला खोली लागते. चाकाचं काम वरच्या पाण्यात भागतं. हंबरमधले वाळूचे पट्टे सतत सरकतात. एवढं करूनही मोठ्या ओहोटीला बोट कधी रुतायचीच. मग भरतीची वाट बघणं आलं.

या चाकाची खरी करामत फळ्यांत आहे. फळी घट्ट बसवली तर ती आत शिरताना पाण्याला थापड मारते आणि बाहेर येताना पाणी उचलते. वाफ वाया जाते, बोट हादरते. म्हणून प्रत्येक फळी बिजागरीवर असते. तिचा दांडा चाकाच्या आसापासून जरा बाजूला असलेल्या दुसऱ्या केंद्राला जोडलेला असतो, त्यामुळे फळी पाण्यात जवळजवळ उभीच शिरते आणि उभीच निघते. गढूळ, वाळूमिश्रित पाण्यात याच बिजागऱ्या झिजतात. त्यांची देखभाल चुकवून चालत नाही.

दोन्ही चाकं एकाच आसावर, त्यामुळे एक पुढे, एक मागे फिरवून जागेवर वळण घेता येत नाही. सगळी भिस्त सुकाणूवर. प्रवासी एका कठड्याला गोळा झाले की तिकडचं चाक खोल जातं, दुसरं उचललं जातं आणि बोट तिरकी ओढू लागते. मागच्या उघड्या डेकवर मोटारीही असत, त्या लावतानाही तोल सांभाळावा लागे.

लिंकन कॅसल १९७८ मध्ये बॉयलरमुळे थांबली. ब्रिटनमध्ये नियमित सेवेत उरलेली कोळशावरची ती शेवटची चाकी बोट. २४ जून १९८१ ला हंबरचा पूल वाहतुकीला खुला झाला आणि आगबोटीची ही सेवा त्याच दिवशी बंद पडली. लिंकन कॅसल २०१० मध्ये भंगारात काढली, हे फार वाईट झालं. टॅटरशॉल लंडनला थेम्सवर उपाहारगृह म्हणून उभी आहे. विंगफील्ड मात्र जन्मगावी, हार्टलपूलच्या संग्रहालयात, मूळ इंजिनासकट आहे. तिथे गेलात तर आधी इंजिनच बघा.