उभ्या गाडीला ऑइल कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमीचाच आहे: ही जुनी बुलेट वर्षभरात फिरते ती नावापुरती, मग दरवर्षी खंडेनवमीच्या आत तिचं ऑइल का बदलायचं? "किलोमीटर तरी भरूदेत की राव," असं नाक्यावरचा चहावालासुद्धा म्हणतो.

किलोमीटर भरत नाहीत, म्हणूनच बदलायचं.

एक लिटर पेट्रोल जळालं की त्यातून साधारण तेवढंच पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरातून निघून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलकडं उतरतेच. इंजिन चांगलं तापलेलं असेल तर तीही ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ-हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून बाहेर पडते. माझी गाडी मात्र जाते कुठं, तर साताऱ्यातच राजवाड्यावरून पोवई नाक्याला आणि नाक्यावरून परत. ओतीव लोखंडाचं सिलिंडर पुरतं तापायच्या आत गाडी स्टँडवर. मग ते पाणी ऑइलमध्येच मुरतं. चोक ओढून मारलेल्या किकांमुळं कच्चं पेट्रोलही थोडं उतरतं, आणि जळणातून आलेलं आम्ल बेअरिंगांना हळूहळू खात बसतं. साताऱ्याचा पाऊस, वर पत्र्याची शेड. श्रावणात ऑइलचं झाकण उघडून बघा, आतल्या बाजूला पिवळट साय धरलेली असते. जो माणूस रोज खंबाटकी ओलांडून पुण्याला जातो, त्याच्या गाडीतलं ऑइल महिन्यात माझ्या वर्षाएवढं पळतं आणि तरी जास्त निरोगी असतं.

उभ्या बुलेटचा आणखी एक खेळ आहे आणि त्यात भलेभले फसतात. या जुन्या इंजिनात ऑइलची टाकी वेगळी लटकवलेली नाही, ती क्रँककेसमध्येच, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतच, मागच्या बाजूला घडवलेली आहे. एक पंप तिथून ऑइल पुढं देतो, दुसरा खाली साचलेलं उचलून परत टाकीत टाकतो. पंप जुना झाला, गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिली, की टाकीतलं ऑइल झिरपत झिरपत क्रँकच्या खोलीत उतरतं. मग टाकीतली पातळी दाखवणारी पट्टी काढून बघितली तर कोरडी! घाबरून माणूस अर्धा-पाऊण लिटर वरून ओततो. पुढं किक मारली की सायलेन्सरातून पांढरा-निळा धूर, ब्रीदरमधून चेनवर आणि चेनवरून फरशीवर ऑइल. आणि गल्लीत बोभाटा की बुलेटचं इंजिन गेलं. इंजिनाला काहीही झालेलं नसतं. आधी गाडी चालू करून फिरवून आणायची, मग पट्टी बघायची, एवढंच.

याच कारणानं ऑइल काढताना खालचे दोन्ही नट खोलावे लागतात, टाकीचा आणि क्रँककेसचा. घाईत एकच खोलून "झालं काम" म्हणणारे मिस्त्री भरपूर. निम्मं घाणेरडं ऑइल आत, त्यावर नवीन दोन लिटर. असं करण्यापेक्षा न बदललेलं बरं, निदान पैसे तरी वाचतात.

आणि ऑइल गरम असताना काढायचं. मी आदल्या दिवशी नाही, त्याच सकाळी समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढून येतो. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला इंजिन मनापासून तापतं, तळाचा गाळ ढवळला जातो आणि ऑइल पातळ होऊन धारेला लागतं. गाडी डबल स्टँडवर, खाली घमेलं. नट शेवटच्या आट्यावर आला की हात बाजूला, कारण पोळतं. मग अर्धा तास काही करायचं नाही. याला लोकांचा धीर नसतो. थेंब थेंब पडू द्यायचं, चहा घ्यायचा.

मला सगळ्यात आवडतं ते काढलेलं ऑइल बघणं. चिमटीत घेऊन उन्हात चोळायचं. नुसतं काळं असेल तर काळजी नाही, काळं होणं हे त्याचं कामच आहे. चंदेरी चमक दिसली तर लोहचुंबक फिरवायचं. चिकटलं तर लोखंड, न चिकटता चमकत राहिलं तर पिस्टन किंवा बुश. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडला, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याला, खाली रोलर बेअरिंग नाही, फ्लोटिंग बुश आहे, म्हणजे मोकळी फिरणारी धातूची कडी. ते ऑइलच्या थरावरच जगतं. म्हणून तर एवढी उठाठेव.

उजव्या बाजूचा फेल्टचा फिल्टर बदलायचा. नवा बसवल्यावर त्याची खोली ऑइलनं भरूनच झाकण लावायचं, नाहीतर पहिल्या किकांना इंजिन कोरडं फिरतं. तांब्याचे वॉशर नवे घ्या. नट कचकचून आवळू नका, केस अल्युमिनियमची आहे, आटे गेले की कामच वाढतं. चालू केल्यावर हेडकडं जाणाऱ्या बारीक पाइपचा बोल्ट किंचित ढिला करून बघा. तिथं ऑइल आलं की वरच्या व्हॉल्व्ह हलवणाऱ्या रॉकरपर्यंत पोचलं.

ऑइल कुठलं? साधं मिनरल, २०डब्ल्यू-५०. दुकानदार हल्ली सिंथेटिक पुढं करतो. महागाचं भरून "आता दोन वर्षं बघायला नको" म्हणायचं असेल तर नकोच. पाणी सिंथेटिकलाही सोडत नाही. गिअरबॉक्स आणि क्लचकडच्या चेनकेसचं ऑइल वेगळं असतं. त्यांच्यात जळण उतरत नाही, त्यामुळं तिथं मी इतका कडक नाही. पातळी बघतो, रंग बघतो, पुढं जातो.

राहिलं घमेल्यातलं काळं ऑइल. हे मागायला दरवर्षी कुणीतरी येतंच, वाशांना लावायला, वाळवी लागत नाही म्हणून. गोठ्याच्या खांबाला लावणार असाल तर मी देत नाही. जनावर तिथंच अंग घासतं आणि तेच चाटतं. गटारात तर अजिबात नाही, आपल्याकडचं गटार शेवटी ओढ्याला आणि ओढा नदीलाच मिळतो. रिकाम्या झालेल्या कॅनमध्येच परत भरतो आणि गॅरेजला देतो. तिथं जुनं ऑइल गोळा करणारा येतो, तो घेऊन जातो. फक्त कॅनवर मोठ्या अक्षरात "जळकं" लिहून ठेवा. नव्या ऑइलचा आणि हा, दोन्ही कॅन दिसायला सारखेच, आणि नवं समजून ओतणारा स्कूटरवाला घरात एखादा असतोच.